माळेवर मिळालेली खोली

भागवत देवकत्यानं उभ्या जन्मात गळ्यात माळ दोनदाच घातली. दोन्ही वेळा पोरीच्या खोलीसाठी.

पहिल्यांदा घातली त्याला पाच वर्षं झाली. लेकीचा, वर्षाराणीचा, उमरग्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. ही भूमकडची मेंढरं राखणारी माणसं. उमरग्यात ना सोयरा ना धायरा. तीन घरांनी आडनाव विचारून 'कळवतो' म्हटलं. चौथं घर सिद्रामप्पांचं. दारावरच पाटी, 'फक्त शाकाहारी'. भागवत पाटी वाचून माघारी फिरला. स्टँडसमोरच्या दुकानातून तुळशीची माळ घेतली आणि रसवंतीच्या आरशात बघून गळ्यात अडकवली.

"दादा, नका घालू," वर्षाराणी म्हणाली. "आपल्यात दर बाजाराला मटण शिजतंय."

"तू गप. एकदा खोली मिळू दे."

सिद्रामप्पांनी माळ बघितली, दुसरं काही विचारलं नाही आणि किल्ली दिली.

पुढं तीन वर्षं भागवत महिन्याला एकदा मटणाचा डबा घेऊन उमरग्याला जायचा. पोरगी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून खायची, नळावर चूळ भरायची, बडीशेप चघळत खोलीवर जायची.

"खोलीवर का न्हाय न्हेत?"

"माळ घालून शबुद दिलाय न्हवं तुमी."

तीच वर्षाराणी, दीड-दोन वर्षं घरनंच भूमच्या दवाखान्यात जाऊन, दोन महिन्यांमागं आयर्लंडला दवाखान्यात लागली. दवाखान्यानं दिलेली खोली महिनाअखेर सोडायची होती. परवा तिचा फोन आला, आवाज रडवेला.

"दादा, हितं आडनाव कुणी इचारत न्हाय. पन आदल्या घरमालकाचं पत्र मागतेत. पाच खोल्या गेल्या हातच्या. आता सहाव्या खोलीची मालकीणबाई शुक्रवारपतोर थांबती म्हनली."

"मग सिद्रामप्पांना फोन लाव की."

"लावला. देतो म्हनले. पन तुमाला पाठवून दे म्हनले, लई दिसांत भेट न्हाय."

लोकर कातरायच्या कातरीशेजारी खुंटीवर माळ लोंबत होती. भागवतनं ती झटकून गळ्यात घातली आणि पहाटेची एसटी धरली.

"बर्री, माळकरी, या, या!" सिद्रामप्पांनी ओसरीवरनंच हाक दिली. त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, चहा आणून ठेवला. सून दीपाली शाळेत इंग्रजी शिकवायची. ती लॅपटॉप उघडून बसली.

"लिही," सिद्रामप्पा सांगू लागले. "तीन वर्षं राहिली. भिंतीला खिळा ठोकला नाही. आमची ही आजारी होती तेव्हा पंधरा दिवस इंजेक्शनं दिली, वर देवघरात दिवा लावला. लिहिलंस? आता लिही, घर माळकरी आहे. म्हणूनच पोरगी आमच्यात घेतली."

दीपाली हसली. "मामा, तिकडं कोण विचारतंय ते?"

"न विचारेनात. माणूस ओळखायची खूण आहे ती. खाली नको, अगदी वरच घाल."

भागवतच्या मानेला माळ चावायला लागली. नुसतं गप बसलं तरी काम होत होतं. पण पोरीनं तीन वर्षं बाकड्यावर बसून पाळलेलं त्याचं खोटं आता तिच्याच नावानं समुद्रापार निघालं होतं.

"आप्पा, तेवढं नका लिहू."

"का हो?"

त्यानं माळ डोक्यावरनं काढली. "म्या माळकरी न्हाय. कदीच नव्हतो. पोरीला खोली पायजे व्हती."

दीपालीची बोटं थांबली. सिद्रामप्पा त्याच्याकडं न बघता माळेकडं बघत राहिले.

"खोलीत शिजवलं?"

"न्हाय जी. कदीच न्हाय. स्टँडावर बसून खायची. खोटं म्या बोललो, पाळलं तिनं."

सिद्रामप्पा उठून आत गेले. भागवतच्या चहावर साय धरली. कप उचलायचा धीर होईना.

"आधी विचारायचं तरी," शिवकांताबाई हळू म्हणाल्या.

खरं सांगितलं असतं तर खोली मिळाली असती का, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं. बाई सुनेकडं वळल्या. "तू का थांबलीस गं? दिव्याचं राहू दे त्यात."

सिद्रामप्पा चष्मा आणि पेन घेऊन आले. "माळेचं काढ," एवढंच बोलले. कागद छापून आला तशी सही केली.

"पोरीसाठी केली सही, भागवतराव."

पाच वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली. 'पुन्हा या' मात्र कुणी म्हटलं नाही.

स्टँडवर तो त्याच बाकड्यावर बसला असताना फोन वाजला.

"दादा, पत्र आलं! दीपालीवैनीनं फोटू पाठवला, म्या लगीच बाईला धाडला. दिव्याचं म्या इसरले बी व्हते, काकांनी ध्यानात ठिवलं बघा." मग हळूच, "तुमी माळ घालून गेलता?"

"व्हय."

भागवतनं सदऱ्याचा खिसा चाचपला.

"काढली म्या. सांगितलं त्येंना."

"बरं केलं," वर्षाराणी म्हणाली, आणि तिला ड्यूटीला बोलावणं आलं.

माळ सदऱ्याच्या खिशात तंबाखूच्या पुडीला लागून पडली होती. तुळशीची माळ, फेकता येईना, घालायचं तर तोंड नव्हतं. भागवतनं पुडी काढून दुसऱ्या खिशात घातली आणि गाडी लागेपर्यंत खाली मान घालून बसला.