मारुतीकडून मोजलेली गल्ली

जमिनीच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. लूमच्या खात्यात दिवसभर उभं राहिलं की धाग्याची फुसं अंगावर आपोआप बसतात, तसेच ते बसतात. झटकले तरी चार-दोन राहतातच.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत एका गुजराती वकिलांकडे सर्चचं काम करायचो. कोणी घर, प्लॉट, गाळा घ्यायला निघालं की सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन जुनी रजिस्टरं उघडायची, त्या जागेचे मागचे सगळे मालक शोधायचे आणि जागा ‘क्लिअर’ आहे की नाही ते वकीलसाहेबांना सांगायचं. एवढंच काम! पण आमच्या दारात हसत आलेला माणूस मी कधी बघितला नाही. सगळ्यांची तोंडं रक्त तपासायला दिलेल्या पेशंटसारखी. त्यात मी जन्माचा घाबरट. पार्टी एकदा घाबरायची, मी दोनदा.

*

भेस्तानला राहणारे एक गृहस्थ होते, मूळचे परभणीकडचे. बांधकामावर मुकादम. प्लॉट घेण्याआधी सर्च करून घ्यायला आले. मी सगळं बघितलं. जागा अगदी स्वच्छ निघाली. ना बोजा, ना वाद, ना कुणा भावाबहिणीचा हक्क. मी आनंदाने सांगितलं, “काका, काही नाही निघालं!”

त्यांचा चेहरा पडला. “काहीच नाही? असं कसं हो काहीच निघत नाही? कायतरी दडवून ठेवलंय तुम्ही!”

वकीलसाहेबांनी समजावलं, मी समजावलं. काका चहासुद्धा न घेता उठले. त्यांनी दुसरा वकील गाठला आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. आता गंमत अशी, की त्या दुसऱ्या वकिलांचा माणूस लग्नासाठी गावी गेला होता, म्हणून त्यांनी ते काम माझ्याचकडे दिलं!

काका रेकॉर्ड रूमच्या दारात आले आणि त्याच रजिस्टरावर वाकलेला मी त्यांना दिसलो. ते मटकन बाकावर बसले. “म्हणजे सगळे मिळालेले आहात तुम्ही!”

*

रेकॉर्ड रूम चंदूभाईंच्या ताब्यात. पक्के सुरती, नाकावर रुमाल बांधून बसायचे, कारण रजिस्टर उघडलं की धूळ आणि डांबरगोळ्यांचा वास एकदमच उठायचा. आमची पद्धत अशी होती, की चंदूभाई नावं मोठ्याने वाचायचे आणि मी पेन्सिलीने उतरवायचो. वाचता वाचता ओळखीच्या मेलेल्या माणसाचं नाव आलं की ते क्षणभर थांबून हात जोडायचे आणि पुढे जायचे.

एकदा कामरेजकडच्या जमिनीचं काम होतं. घेणारा माणूस समोरच उभा, बयाणा देऊन आलेला. चंदूभाईंनी विकणाऱ्याचं नाव वाचलं आणि हात जोडले.

माझी पेन्सिल थांबली. “चंदूभाई, हात का जोडले?”

“आ तो स्वर्गवासी छे. मी स्वतः स्मशानात गेलो होतो ना!”

घेणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, काय बोलता? परवा मी त्यांच्याबरोबर चहा प्यायलो!”

मी दाराकडे सरकलो. चंदूभाईंनी मात्र रुमाल खाली ओढला आणि शांतपणे विचारलं, “चाय कपमां पीधी, के रकाबीमां?”

“बशीत ओतून प्यायले. फुर्र फुर्र करून.”

“तो तो ए नानो भाई! धाकटा!”

*

प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत रिकामी झाली. आम्ही बमरोलीला एका छोट्या गल्लीत राहायचो. सात घरं, सगळी खानदेशातली, सगळी लूमवर राबून उभी केलेली. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला खाडी. रस्त्याच्या टोकावर आमच्याच लोकांनी घरांच्याही आधी बसवलेला मारुती. गल्लीतही पळापळ सुरू झाली.

सगळ्यांनी किल्ल्या भागामायकडे दिल्या. भागामाय खाडीकडच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. नवरा लूमवर होता, तो वारलेला. ती घरी बसून साड्यांचे धागे कापायची. “तू पण चल,” असं सगळ्यांनी विनवलं. ती म्हणाली, “माले काय व्हनार शे? जा तुम्ही. तुळशीले पानी कोन घाली?”

उधन्याच्या स्टेशनावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला मुंगी शिरायला जागा नव्हती. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पहिल्या घरात ज्यांचं किराणा दुकान होतं ते लोटनभाऊ खिडकीतून आत घुसले, आणि बायको फलाटावरच राहिली! पण छातीशी धरलेली पिशवी काही त्यांनी सोडली नाही. मी ओरडलो, “लोटनभाऊ, कुठे निघालात असे?”

“घर जाई ऱ्हायनू भो, घर!”

“आणि त्या पिशवीत काय?”

“घरनी फाइल!”

*

आमच्या धंद्यात एक पथ्य होतं. सर्चवाल्याने स्वतःच्या घराचं रेकॉर्ड उघडायचं नाही. चंदूभाईंनी आख्खं आयुष्य त्या कपाटांत काढलं, पण स्वतःच्या घराचं रजिस्टर आलं की ते पान ते दोन बोटांनी, तोंड फिरवून उलटायचे. “वैद्याने आपली नाडी बघू नये,” म्हणायचे. मलाही ते सोयीचंच होतं. आमचा प्लॉट वडिलांनी घेतला होता, दस्त नोंदलेला होता, जागा बिनशेती होती. मारुतीकडून दुसरं घर आमचं, आणि दस्तावरही प्लॉट दोनच. आणखी काय बघायचं?

पण लोटनभाऊंना दुकानावर माळा चढवायचा होता. त्यासाठी बँकेचं कर्ज हवं, कर्जासाठी सर्च हवा, आणि सर्च माझ्याकडेच यायचा होता!

लोटनभाऊंच्या दस्ताबरोबर गल्लीचा मंजूर नकाशा निघाला. मी तो टेबलावर पसरला. प्लॉट एक, दोन, तीन... सगळं जिथल्या तिथे. तेवढ्यात चंदूभाई म्हणाले, “अरे, नकाशो ऊंधो छे.”

मी नकाशा फिरवला. उलटा धरला होता तोवर सगळं बरोबर होतं. सुलटा धरला आणि एक नंबरावर बोट ठेवलं.

प्लॉट एक खाडीला लागून होता, आणि सात रस्त्याला!

आमच्या गावाकडे गल्ली मारुतीकडून मोजतात. दुसरीकडून मोजायचं कोणाच्या मनातही येत नाही. ताबा मिळाला त्या दिवशी आमच्या माणसांनी मारुतीपुढे नारळ फोडला, तिथून एक-दोन-तीन करत चुन्याच्या रेषांवरून निघाले आणि आपापल्या आकड्यावर उभे राहिले. नकाशावाल्याने मोजलं होतं खाडीकडून. त्याला बिचाऱ्याला मारुती कुठे माहीत! म्हणजे आख्खी गल्ली एकमेकांच्या प्लॉटवर घरं बांधून, पोरांची लग्नं लावून, सत्यनारायण घालून बसली होती. लोटनभाऊंचं दुकान कागदावर भागामायचं. भागामायचं घर लोटनभाऊंचं. आणि माझं घर? ते सहाव्या घरातल्या रोहिदासचं!

त्या दिवशी घरी गेलो तर उंबऱ्यात पाऊल टाकताना चप्पल बाहेर काढू की आत, तेच समजेना.

*

संध्याकाळी मारुतीपाशी सगळे जमले. मी सांगितलं. मग लोटनभाऊ हळूच म्हणाले, “आते काय करानं?”

रोहिदासच्या बायकोने पदर खोचला. “मंग मी रोज आंगन सारवस, ते कोनं?”

“माझं,” मी म्हणालो. चुकून बोललो! त्यानंतर बरेच दिवस तिने ते अंगण सारवलं नाही.

पण खरी गंमत सुकलालची. त्याचं घर बरोबर मधलं, चौथं. इकडून मोजा, तिकडून मोजा, चारच! आख्ख्या गल्लीत तो एकटाच स्वतःच्या घरात राहत होता. तो बनियनवर ओट्यावर बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायचा, “मीच एकला मना घरमा! तुम्ही समदा भाडोत्री!”

पाचव्या घरातल्या आत्मारामचे पत्रे गळत होते. बायको म्हणाली, पत्रे बदला. आत्माराम म्हणाला, “लोकांच्या घराचे पत्रे मी का बदलू?” आख्खा पावसाळा तो डोक्यावर घमेलं धरून जेवला.

*

वकीलसाहेबांनी उपाय सांगितला. अदलाबदलीचे दस्त करायचे, एकाच दिवशी, सगळ्यांनी हजर राहून. गल्लीचा नकाशा एकच, म्हणून एकाने नाही म्हटलं तर सगळंच अडलं. आणि नाही म्हणण्यात फायदा असेल तर तो एकाच माणसाचा होता, भागामायचा. कागदावर रस्त्याचा कोपरा तिचा. तिला मिळणार होती खाडीकडची बाजू, जिथे पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागतं.

तिचा जावई सुरतेतच उधन्याला राहायचा. तो स्कूटरवर आला. “अंगठा द्यायचा नाही! दुकान तुमचं आहे!” असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून गेला.

लोटनभाऊंची झोप उडाली. दुकानात भागामाय आली की त्यांचा तराजू एकदम प्रामाणिक व्हायचा. पाव किलो साखर घालून वर चिमूट, त्यावर आणखी चिमूट! भागामाय पुडी हातात तोलायची आणि म्हणायची, “लोटन, आज काटा बिघडना का रे?” बाकी एक शब्द नाही. अंगठा देणार की नाही, ते विचारायची आमची कोणाची हिंमत नव्हती. मी तर तिच्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचो. माझं घर तिच्या अंगठ्यावर लटकलं होतं.

ठरल्या दिवशी आख्खी गल्ली सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात. सुकलालसुद्धा आला, नुसता बघायला. चंदूभाई रुमाल न बांधताच दारात उभे. आधी भागामायचा आणि लोटनभाऊंचा दस्त. जावई अगदी पुढे, साहेबांच्या टेबलावर कोपर ठेवून.

साहेब नवीन होते, बदली होऊन आलेले. भला माणूस. त्यांनी कागद वाचले, भागामायकडे बघितलं, परत कागद बघितले. लोटनभाऊंनी डोळे मिटून घेतले.

“माजी, राजीखुशीथी आपो छो?” साहेबांनी विचारलं. तिला कळावं म्हणून मग हिंदीत आले. “रस्ते का कोना आपका है। वो दे के खाडी की तरफ ले रही हो। नुकसान है। किसी ने दबाव तो नहीं डाला?”

जावई म्हणाला, “हेच मी सांगत होतो!”

भागामायने मागे वळून एकेकाकडे बघितलं. लोटनभाऊ, रोहिदासची बायको, आत्माराम, मी. प्लेगच्या वेळी किल्ल्या मोजून घेतल्या होत्या, तशीच बघत होती.

साहेब थोडे समजावणीच्या सुरात म्हणाले, “माजी, सोच लो। इतने साल आप दूसरे के घर में रहीं। अब कागज पे आपका घर निकला है, वो भी दे रही हो?”

भागामायने डोक्यावरचा पदर नीट केला.

“सायब,” ती म्हणाली, “सुरतमा आपला घरमा कोन ऱ्हास?”

आणि तिने अंगठा पुढे केला.