वहीत नसलेली ओळ

ताई गेली तेव्हा धाकटी रडली नाही. दुकानात एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करायची होती, ती करून दिली, शटर ओढलं आणि मग हॉस्पिटलात गेली. त्यालाही वर्ष झालं. जेवत होती, शिवत होती, झोपत होती. आत मात्र सगळं सुन्न.

ताई म्हणजे मोर्चे, उपोषणं, तुरुंग. तिने जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या आणि घरच्या भाकऱ्या धाकटीच्या गळ्यात पडल्या. तुला जमेल का, असं तिला कुणी विचारलं नाही.

मागे राहिल्या नऊ वह्या. एका नटीला त्यांवरून एकपात्री नाटक करायचं होतं. पण तुरुंगात कागद पुरवून वापरायचा, म्हणून ताईचं अक्षर मुंगीएवढं झालेलं. ते फक्त धाकटीला लागायचं. तेव्हा धाकटीने वाचायचं आणि नटीने टाइप करायचं, असं दीड महिना दुकानामागच्या खोलीत चाललं. वह्यांत गिरणीतल्या बाया होत्या, जेलर होता, कोठडीत येणारी मांजर होती. मांजरीला तर तीन पानं! धाकटीला एक ओळ नाही. आठव्या वहीत तिने ती पदरची घातली, आवाजही न बदलता: ‘आज धाकटीची फार आठवण आली. तिच्या जिवावर मी लढते.’

नटीचे डोळे भरून आले. धाकटीने पान उलटलं.

पहिल्या प्रयोगाच्या आठवडाभर आधी नटी दुकानात आली. “मावशी, अख्खं नाटक त्या ओळीवर उभं आहे. ते पान मोठं करून नाट्यगृहाच्या दाराशी लावायचंय.”

कुठलंही पान दिलं असतं तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. धाकटीने वही उघडलीसुद्धा. पण ताईने पोलिसांपुढेही कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता तिच्याच अक्षराच्या नावाखाली हे खोटं लागणार होतं.

“ती ओळ माझी आहे,” ती म्हणाली. “ताईची नाही.”

नटी मटकन स्टुलावर बसली. तिने विचारलं, “मग तुमच्याबद्दल काहीच नाही लिहिलं त्यांनी?”

“याद्यांमध्ये आहे. बाहेरून काय मागवायचं, कुणावर काय सोपवायचं त्याच्या. त्यात काय वाचायचं, म्हणून मी सोडल्या.”

“आता वाचा.”

धाकटीने वाचल्या. नटीने टाइप केल्या.

प्रयोगात त्या ओळीच्या जागी नटी खुर्चीत बसली आणि आवाज न चढवता म्हणू लागली, “साबण, धाकटी. लोकरी मोजे, धाकटी. चष्म्याची काडी, धाकटी. दाढदुखीच्या गोळ्या, धाकटी.” लोक चुळबुळले. मागे कुणीतरी खोकलं. “घराचं छप्पर, धाकटी. आई, धाकटी.”

पहिल्या रांगेत धाकटीला हुंदका फुटला. शेजारच्या बाईने तिचा हात धरला, तो तिने झिडकारला.

“एकदा विचारायचंस तरी गं,” ती रंगमंचाकडे बघून मोठ्याने म्हणाली.