गन टूची दुसरी चावी

आधीच सांगून टाकतो. आमच्या फौजेतला नायक प्रल्हाद वाघमारे स्वतःच्या चुकीनं गेला नाही. त्या वेळी तसं बोललं गेलं होतं आणि कागदावरही तसंच यायची पाळी आली होती. म्हणून कुणी विचारो न विचारो, मी हे पहिलं सांगतो आणि मग बाकीचं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आमची बॅटरी, म्हणजे विमानविरोधी तोफांची तुकडी, राजस्थानातून उचलून उरणच्या बाजूला एका टेकडीवर आणून टाकली. मी हवालदार होतो, रडार आणि कंट्रोल केबिनचा इनचार्ज. टेकडीवरून एका अंगाला न्हावा शेवाच्या क्रेन दिसायच्या, दुसऱ्या अंगाला मोऱ्याचा धक्का. गावाकडचे म्हणायचे, मुंबईजवळ पोस्टिंग, मजा आहे बुवा तुमची. कसली मजा! राजस्थानात वाळू होती, इथं खारी हवा. केबलच्या प्लगच्या पिना सकाळी घासून चकचकीत कराव्यात, तर दोन दिवसांत पुन्हा हिरव्या. मे महिना होता, बनियन पिळून पुन्हा घालायची. सगळी माणसं कंटाळलेली होती.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, तोफ म्हणजे गोळा घातला आणि उडवला. आमची तशी नव्हती. रडार विमान शोधायचं. कंट्रोल केबिन हिशेब करायची की गोळा पोचेपर्यंत विमान कुठं गेलेलं असेल. तो हिशेब केबलमधून तोफेकडं जायचा आणि तोफ मोटरवर आपली आपण तिकडं वळायची. भराभर वळायची, माणसाला बाजूला व्हायला सवड मिळायची नाही. या सगळ्याला वीज द्यायला खाली झाडाखाली जनरेटर. रडार-कंट्रोल माझ्याकडं, जनरेटर हवालदार तोमरकडं, गन टू हवालदार मानेकडं. ज्याचं त्याचं सेक्शन, ज्याचा त्याचा इनचार्ज. घरं सगळ्यांची लखलखीत, पण दोन घरांच्या मधल्या बोळात झाडू कुणी मारायचा, हे ठरलेलं नव्हतं.

वाघमारे तोफांचा फिटर. नांदेडकडचा. अंगानं आडवा, तोंडानं अखंड चालू. माझ्या केबिनच्या दारात उभा राहून म्हणायचा, "हवालदारसाहेब, तुमचं रडार म्हणजे जावईबापू. बसून नुसतं बघायचं. राबायचं आमच्या तोफेनं." मी म्हणायचो, "आणि तू कोण रे?" तर म्हणायचा, "मी तिचा भाऊ. सासरी नीट नांदवायला येतो." बायको कुसुम आणि लहान मुलगी खालच्या गावात भाड्याच्या खोलीत होत्या. सुट्टीच्या दिवशी बोंबील घेऊन यायचा आणि नांदेडच्या माणसाला बोंबील कसे आवडायला लागले, यावर अर्धा तास बोलायचा.

ब्रिगेडियर साहेबांचं इन्स्पेक्शन लागलं. फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. दगडांना चुना, बादल्यांना लाल रंग, फावडी एका रेषेत. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेवर वस्तू. रिकामी जागा दिसली की ओरडा बसलाच म्हणून समजा. त्यात शेवटी डेमो होता: सगळी सिस्टीम एकदम चालवून दाखवायची.

इथंच घोडं अडलं. रडार एकटं चालवलं, ओके. जनरेटर ओके. दोन्ही तोफा वेगवेगळ्या फिरवल्या, ओके. सगळं एकत्र जोडलं की गन टू थरथरायची. वळून पुढं जायची, मागं यायची, परत पुढं. तोमर म्हणाला, "मेरा जनरेटर ठीक है, अपना देख लो." मी म्हणालो, माझं रडार बरोबर आहे. माने म्हणाला, माझी तोफ कालच तपासलीय. तिघंही खरं बोलत होतो, आणि तोफ काही थांबेना. डोक्याला नुसता ताप.

वाघमारे आणि मी मिळून दोन दिवस त्याच्या मागं लागलो. कळलं ते असं. दोन्ही तोफा एकदम वळल्या की वीज क्षणभर खाली जायची. तेवढ्यात कंट्रोलचा हिशेब मागं पडायचा. वीज परत आली की गन टू राहिलेलं अंतर तोडायला जोरात पळायची आणि पुढं निघून जायची. कुणाचंच बिघडलेलं नव्हतं, एकत्र आले की बिघडायचं. उपाय एवढाच, की गन टूचा आवेग जरा कमी करायचा. ते काम तोफेच्या बैठकीतल्या पेटीत, वाकून, हातानं. वाघमारेनं बरंचसं उरकलं. थोडं इन्स्पेक्शनच्या सकाळवर राहिलं.

आता चावीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. प्रत्येक तोफेच्या बाजूला स्विचची पेटी असते आणि तिच्यात एक चावी. चावी जागेवर नसेल तर मोटरला वीज मिळत नाही. नियम साधा होता: तोफेवर काम करणाऱ्यानं चावी काढून खिशात टाकायची, काम संपलं की परत लावायची. म्हणजे चावी जागेवर आहे याचा अर्थ तोफेवर कुणी नाही. एक स्पेअर चावी गन इनचार्जच्या डब्यात असायची. आणि खरं सांगायचं तर माणसं चावी खिशात विसरून लंगरला, जेवायला जायची. आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी नावानं ओरडा व्हायचा, "अरे, चावी आण!"

त्या सकाळी वाघमारेनं चावी काढली, खिशात टाकली आणि वाळूच्या पोत्यांच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, तोफ लपवायच्या जाळीखाली, बैठकीतल्या पेटीत डोकं घालून बसला. चहा आला. मानेनं सगळ्यांना पिटाळलं, "जा, चहा मारून या, मग वेळ मिळणार नाही." पोरं गेली. वाघमारेही गेला असं मानेला वाटलं. वाघमारे गेला नव्हता. एरवी अखंड बोलणारा माणूस, पण त्याच्या तोंडात टॉर्च होता.

अॅडज्युटंट साहेब शेवटची नजर टाकत तोफांकडं येताना दिसले. माने भराभर गन टूभोवती फिरला. फावडी बरोबर, बादल्या बरोबर, चावीची जागा रिकामी. गेला कुणीतरी खिशात घालून, असं म्हणत त्यानं मनातल्या मनात एक शिवी हासडली, डब्यातली स्पेअर काढली आणि लावली. जागा भरली.

डेमोआधी सगळं एकदा चालवून बघायचं होतं. माझ्या केबिनमध्ये फोन वाजला, माने होता.

"कंट्रोल, गन टू. चावी लागली. क्लिअर."

"कंट्रोल. गन वन?" मी विचारलं.

"गन वन, क्लिअर."

"जनरेटर, कंट्रोल. पॉवर द्या."

"पॉवर ऑन," तोमर म्हणाला.

रडार समुद्राकडं तोंड करून होतं, डेमोसाठी ठरलं होतं तसं. तोफा आदल्या दिवसापासून गावाच्या बाजूला. वीज आली, कंट्रोलनं दिशा दिली आणि दोन्ही तोफा समुद्राकडं वळल्या. गन टू थरथरली नाही. सरळ वळली, जागेवर थांबली. मी केबिनमध्ये बसून काट्याकडं बघत होतो आणि मला आनंद झाला. वाघमारेनं जमवलं, असं मी शेजारच्या ऑपरेटरला म्हणालोसुद्धा. तेवढ्यात बाहेरून ओरडणं ऐकू आलं.

तोफेच्या मागच्या भागानं त्याला पोत्यांच्या भिंतीवर दाबलं होतं. पॉवर बंद केली, हातानं चाक फिरवून तोफ मागं घेतली. तो शुद्धीवर होता. मानेकडं बघून म्हणाला, "अहो, मी आत होतो ना." रागानं नाही. नवल वाटल्यासारखं. गाडीत घातला, पनवेलचा रस्ता धरला. जासई मागं पडली आणि तो गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी ड्रायव्हरला सांगितलं, आता हळू चालव. का सांगितलं, ठाऊक नाही.

इन्स्पेक्शन झालं नाही. चौकशी बसली. बाहेरून एक मेजर आले. सरळ माणूस, पण समोर जे होतं त्यावरून ते बोलणार. आणि समोर काय होतं? अपघातानंतर चावी जागेवर सापडली. म्हणजे फिटरनं चावी न काढता तोफेत डोकं घातलं. निष्काळजीपणा, स्वतःचा. लंगरमध्ये तेच चालू झालं. "चावी काढायची ना बाबा. एवढा जुना माणूस." मला ते ऐकवेना. चावी न काढता वाघमारे तोफेला हात लावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि चौकशीत सांगणं वेगळं. त्याच्या बायकोला मिळायचं ते या एका ओळीवर अडलं होतं, आणि मुलीला पुढं बाप कसा गेला म्हणून सांगायचं, तेही.

तोमरची साक्ष झाली: हुकूम आला, पॉवर दिली. माझी झाली: दोन्ही तोफा क्लिअर आल्या, पॉवर मागितली. दोन्ही बरोबर. मग माने उभा राहिला. त्याचं नायब सुभेदारचं प्रमोशन महिन्याभरावर आलेलं. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. स्पेअरच्या डब्याकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

माने म्हणाला, "साहेब, वाघमारेनं चावी काढली होती. त्याच्या खिशात असेल. जागेवरची स्पेअर आहे. मी लावली."

"का लावली?"

"जागा रिकामी दिसत होती, साहेब."

मेजर साहेबांनी हॉस्पिटलमधून आलेलं कपड्यांचं गाठोडं मागवलं. त्यात चावी होती. ती टेबलावर ठेवली. वाघमारेच्या नावापुढची ओळ खोडली गेली. मानेचं प्रमोशन गेलं, एक फीतही उतरली. त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हमसून हमसून रडला. मीही रडलो. फौजी रडत नाहीत वगैरे सगळं झूट आहे.

कुसुमवहिनी मयतासाठी नांदेडला गेल्या होत्या, त्या खोली सोडायला भावाबरोबर परत आल्या. माने म्हणाला, मला जायचंय. मी म्हणालो, मी येतो बरोबर. खोलीत सामान बांधून झालं होतं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर तेवढी काढायची राहिली होती. मुलगी घरमालकिणीच्या मांडीवर झोपलेली. आम्हाला दारात बघून म्हातारी उठली नाही, तिथूनच म्हणाली, "बसा. पन हलू बोला. पोर आताच निजलीय."

माने बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "वहिनी, वाघमारेची काही चूक नव्हती. चावी मी लावली."

वहिनी भिंतीवरची तसबीर उतरवून फडक्यात गुंडाळायला लागल्या. मला ते बघवेना. मानेला वाचवावं असंही मनात असेल. मी समजावायला लागलो. म्हटलं, वहिनी, एकट्या मानेचं नाही हे. रडार, कंट्रोल, जनरेटर, तोफ, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. जनरेटरवाल्यानं हुकूम ऐकला. मी विचारून पॉवर मागितली. मानेनं रिकामी जागा भरली, आम्हाला तेच शिकवलेलं आहे. ज्यानं त्यानं आपापलं काम बरोबर केलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, सगळ्यांनी आपापलं काम केलं म्हणता. मग ह्यांना आवाज द्यायचं काम कुणाकडं होतं?"

म्हातारीनं पोरीला दुसऱ्या कुशीवर घेतलं. मी फौजेत इतकी वर्षं काढली, ड्रिल तोंडपाठ, रडारची पुस्तकं तोंडपाठ. आवाज द्यायचं काम कुठल्याही सेक्शनकडं नव्हतं. कुणाकडंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी कमांडर साहेबांपुढं उभा राहिलो आणि जे वहिनींनी विचारलं तेच त्यांना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडं नवीन ड्रिल सुरू झालं. पॉवर द्यायच्या आधी एका माणसानं तोफांच्या मधोमध उभं राहायचं आणि प्रत्येकाला नावानं हाक मारायची. नंबरानं नाही, नावानं. ज्याचं नाव येईल त्यानं 'हजर' म्हणायचं आणि हात दिसेल असं उभं राहायचं. चावी जागेवर असो, नसो. एक जरी नाव राहिलं तरी पॉवर नाही. हे काम मानेनं मागून घेतलं.

मी पेन्शनवर गेलो आणि कामोठ्याला राहायला आलो, तोपर्यंत ते चालू होतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी केबिनच्या बाहेर उभा राहून बघितलं. ऊन कडक होतं. माने एकेक नाव घेत होता, एकेक हात वर होत होता. सगळी नावं झाली. मग त्यानं यादीत नसलेलं एक नाव घेतलं, नेहमी घ्यायचा तसं.

"नायक वाघमारे."

कुणी हललं नाही. खाली तोमर हँडलवर हात ठेवून वाट बघत होता, त्यानंही घाई केली नाही. मानेनं गन टूला एक फेरी मारली, जाळी उचलून आत वाकून बघितलं, आणि मगच हात वर केला.