वडिलांचा पंखा, भावाचं इंजिन

धक्क्यावर त्या मिस्त्रीला सगळे ‘फेरेवाले’ म्हणत. बोटींना पाण्याखालचे पंखे बसवण्यात हयात गेलेली. नवं इंजिन घेतल्याचे पेढे कुणी पुढे केले, तर हा आधी विचारी, फेरे किती घेतंय? घरातलं घड्याळ महिनाभर बंद असलं तरी यांना पत्ता नसतो, असं त्याची बायको म्हणे.

त्याच्या धाकट्या भावाने बोटीत नवं इंजिन घातलं, जुन्यापेक्षा जलद फिरणारं. पंखा मात्र वडिलांच्या वेळचाच ठेवला. बोटही वडिलांचीच. थोरल्याच्या हातात कसब आहे, त्याचं कुठेही भागेल, असं म्हणून त्यांनी ती धाकट्याला दिली होती.

रिकाम्या बोटीवर इंजिनाने मिनिटाला अठराशे फेरे घेतले, कंपनीने लिहिलेत तेवढेच. धाकटा खूश झाला. मिस्त्रीने डिझेल, पाणी, बर्फ, जाळी सगळं भरायला लावलं. मोकळ्या हातांनी कुणीही पळतो, डोक्यावर पोतं दिल्यावर कळतं, असं त्याचं म्हणणं.

भरल्या बोटीत काटा पंधराशेच्या पुढे सरकेना. धाकट्याने थ्रॉटल रेटून धरला, तसा मागे काळाकुट्ट धूर निघाला. हा पंखा इंजिनाला जड होत होता. असंच रेटलं तर ते लवकरच बसणार होतं. पाती इतकी झिजलेली की त्यांचा कल कमी करायला वाकवली असती तर तडकली असती. नवा पंखा ओतून येईपर्यंत हंगाम निम्मा सरला असता. राहता राहिला एकच उपाय, पात्यांची टोकं कापायची. कापलेलं पुन्हा वाढत नाही, हेही मिस्त्रीने सांगून टाकलं.

धाकट्याचा चेहरा उतरला. “बोट मला मिळाली, म्हणून बाबांचा पंखा कापायला निघालास ना, दादा?”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “बोट मला हवी होती. आजही हवी आहे. पण म्हणून तुझं इंजिन मेलेलं मला चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकट्याने स्वतःच बोट वर ओढायला माणसं आणली.

पात्यांचं इंचभर टोक जायला हवं, हा मिस्त्रीचा हिशोब होता. कापताना भाऊ समोरच उभा. त्याच्याकडे बघून मिस्त्री अर्ध्या इंचावर थांबला. तिन्ही पाती एका वजनाची करून पंखा चढवला, बोट पुन्हा भरली. काटा साडेसोळाशेवर अडला. धूर कमी झाला होता, पण होताच.

आपण हात आखडता घेतला, हे मिस्त्रीने कबूल केलं. बोट पुन्हा वर आली. पंखा उतरवायला या वेळी धाकट्याने स्वतः हात लावला, कारखान्यातल्या कापायच्या मशीनपाशी नेऊन ठेवला आणि भावाकडे पाठ करून दारात जाऊन उभा राहिला.

“आता माझ्या तोंडाकडे बघू नकोस, दादा,” तो म्हणाला. “पंख्याकडे बघून काप.”