भंडाऱ्याची चमक

चौथीही मुलगीच झाली म्हणून दगडोबांनी तिचं नाव नकुशी ठेवलं, आणि पुढं सगळ्यांत जास्त शिकवलं तेही तिलाच. मेंढरं विकून कासुर्डीत शेतीला लागलेल्या घरातली ही लेक आता रोज यवतला डेमू गाडी पकडून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जाते आणि चरबी मोजते. माणसांची नव्हे, पेशीत शक्ती तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या पडद्यातली. त्या चरबीला एक रंग चिकटतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. जितकी चमक, तितकी चरबी.

प्रयोगशाळेचे सर देवधर्म न मानणारे. तिच्या कपाळावरचा खंडोबाचा भंडारा बघून म्हणायचे, "काय नकुशी, झाली का देवाची हजेरी?"

एका सोमवारी नव्या औषधाची चाचणी झाली. औषध दिलेल्या पेशी तिप्पट चमकल्या. सर खुर्चीतून उठलेच. "देव पावला! शोधनिबंध लिहू. तुझं नाव तिसरं."

घरी दगडोबा म्हणाले, "नकुशी छापून येनार? आख्ख्या जगात?"

"व्हय आबा."

"तुझ्या आईला सांगतो. नाव ठेवताना लई रडली हुती."

मंगळवारी आकडे मांडताना तिला दिसलं, चाचणीच्या ताटलीत औषधाच्या बाजूचा, पेशी नसलेला, नुसत्या पाण्याचा एक खड्डाही चमकला होता. पेशीच नाहीत, तर चरबी कुणाची? मग तिला आठवलं. सोमवार म्हणून तिनं चमक मोजणाऱ्या यंत्राला चिमूटभर भंडारा वाहिला होता, घरी ट्रॅक्टरला वाहतात तसा. त्याच हातांनी रबरी मोजे चढवले आणि थेंब मोजून सोडणाऱ्या पिपेटची सुटी टोकं डबीत भरली. औषधाच्या बाजूला तीच डबी वापरली होती.

तिनं पाण्यात कणभर भंडारा कालवून यंत्रात ठेवला. हिरवागार आकडा आला.

डबी कचऱ्यात गेली होती. विचारणारं कुणी नव्हतं. पण तिच्या घरात खरं-खोटं करायचं तर भंडारा उचलायला लावतात. त्याच भंडाऱ्याचं खोटं छापायचं?

तिनं सरांना सांगितलं.

"म्हणजे हळद?" सर म्हणाले.

"भंडारा, सर."

"हळदच ना!"

"जेजुरीची हाय."

नव्या डबीनं चाचणी पुन्हा केली. औषधानं काहीच केलेलं नव्हतं. देव पावला होता, फक्त नको तितका.

सरांनी दारावर सूचना लावायचं ठरवलं. अक्षर नकुशीचंच चांगलं, म्हणून तिनंच लिहिलं: 'भंडारा, हळद, कुंकू लागलेल्या हातांनी मोजे घालू नयेत.' सर म्हणाले, "खाली नाव टाक. लोक तुलाच विचारायला येतील."

रविवारी दगडोबांनी विचारलं, "आलं का छापून?"

"छापून न्हाई आबा. दारावर लागलंय."

"मोठ्या अक्षरात?"

"व्हय."

"मग बरंय," दगडोबा म्हणाले. "येनारा-जानारा वाचंल तरी."