मामांची चहाची शिट्टी

आमच्या हिच्या मामांइतकी पाखरांच्या वळणाची काळजी वाहणारा माणूस घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात दुसरा जन्मला नसेल. आणि मामींचं म्हणणं असं, की एक जन्मला तेवढा पुरे. दौंडला रेल्वेत गार्ड म्हणून सारी नोकरी काढून मामा न्हावऱ्याला शेतावर परतले, ते एक ठाम मत सोबत घेऊनच. दौंडचा दयाळ आणि न्हावऱ्याचा दयाळ एका बोलीत गात नाहीत! दयाळ म्हणजे तो काळा-पांढरा, शेपटी उभारून पहाटेपासून गाणारा चिमुकला पक्षी. मामांच्या मते रेल्वे कॉलनीतला दयाळ तान घेऊन शेवटी कसा शिस्तीत थांबायचा, आणि न्हावऱ्याचा मात्र बांधावरच्या भांडणासारखा कुठंही सुरू होऊन कुठंही संपायचा. "जावईबापू, पाखरू अंड्यातनं गाणं घिऊन येत न्हाई," ते मला समजावत. "बापाचं ऐकतंय, शेजाऱ्याचं ऐकतंय, आन् मग आपलं जुळवतंय. हितं पोरांम्होरं चांगलं गाणारंच कुणी न्हाई, तर ती तरी काय करत्याल?"

हे ऐकण्याचं वेड त्यांना कुठंही गाठायचं. एकदा पुतणीच्या लग्नाची बैठक ऐन मानपानावर आलेली असताना मामांनी एकदम हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. आता हे मोडता घालणार, असं सगळ्यांनाच वाटलं. बराच वेळ कानोसा घेऊन मामा म्हणाले, "कोतवाल पाखरू हाय. शिक्र्या ससाण्याचा आवाज काढून चिमण्यांना भ्या दाखवतंय, लबाड." लग्न जमलं, पण व्याही अजून मामांच्या शेजारी बसत नाहीत.

तर अशा मामांनी न्हावऱ्याच्या दयाळाला दौंडी गाणं शिकवायचं घेतलं. बांधावरच्या लिंबाच्या ढोलीत दयाळाची जोडी होती. पहिल्या उन्हाळ्यात मामा रोज पहाटे लिंबाखाली उभे राहून, तोंडात दोन बोटं घालून, दौंडच्या ताना सोडत. नर फांदीवरून पाहायचा आणि पाठ फिरवून आपलंच गायचा. "ह्यो जुना गडी न्हाई शिकायचा," म्हणत मामांनी हात टेकले. मात्र त्याच दिवसांत शेतात कांदे काढणाऱ्या बायकांना चहाला बोलवण्यासाठी ते बांधावरून वेगळीच एक शिट्टी मारत असत. दोन लांब, एक वर चढणारी आणि शेवटी तोडलेली. ती ते कुणालाही शिकवत नव्हते. ढोलीतली पिल्लं मात्र ऐकत होती.

पुढच्या वर्षी कांदा काढणीला आला, आणि सकाळी बायका वाफ्यात बसतात न बसतात तोच लिंबावरून शिट्टी आली. बायका खुरपी टाकून उठल्या. मामा घरात दाढी करत होते. मामींनी डोळे मोठे केले, तरी आलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं म्हणून चहा टाकला. तासाभरात पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी मामी कडाडल्या, "शिट्टी मारायची तुमच्या पाखरानं आन् आधण ठिवायचं म्यां, व्हय?" मामा मात्र सकाळची अर्धी राहिलेली दाढी तशीच ठेवून अंगणात नाचायचे बाकी होते. "शिकलं की गं! आपलं शिकलं!"

त्याच्या पुढच्या वर्षी ती शिट्टी बांध ओलांडून गेली. शेजारच्या आबांच्या गोठ्यावर बसून दुसरा दयाळ तीच वाजवू लागला, आणि आबांच्या शेतातल्या बायकाही चहा मागू लागल्या. आबा तणतणत आले. "गार्डसायेब, तुमच्या पाखरानं आमचं पाखरू बिघडवलं! लिंब माझ्या बी बांधावर हाय. उद्या तोडतो. ढोली न्हाई तर पाखरू न्हाई."

दुसऱ्या दिवशी आबा खरंच करवतवाल्याला घेऊन आले. मामा लिंबाखाली बाज टाकून बसले होते. चेहरा उतरलेला. मीही तिथंच होतो. तेवढ्यात गोठ्यावरून शिट्टी आली. करवतवाल्याला काही ठाऊक नव्हतं, पण बायका उठल्या तसा तोही करवत ठेवून चहाला बसला. पाठोपाठ लिंबावरच्यानं तीच शिट्टी मारली. आबा बशी तोंडाशी धरून दोन्हीकडं ऐकत राहिले आणि हळूच म्हणाले, "आमच्या गोठ्यावरलं जरा सुरेल म्हणतंय. न्हाई का?"

सगळे मामांकडं पाहू लागले. या माणसानं आयुष्यात कधी स्टेशन मास्तरचं घड्याळसुद्धा बरोबर मानलं नव्हतं. मामांनी हातातली बशी खाली ठेवली. "व्हय आबा," ते म्हणाले. "तुमचंच सरस हाय."

आबांनी चहा संपवला आणि करवतवाल्याला उसाच्या बांधावरची बाभळ दाखवायला घेऊन गेले. त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. "झाड वाचलं की," मी म्हणालो. "व्हय," ते म्हणाले, "पण शेवटचा सूर सपाट हाय हो त्याचा."

आता मामांचे पुढचे दात गेले आहेत. कवळी बसवली, तेव्हापासून बोटं घातली तरी नुसती हवा येते. बायकांना चहाला बोलवायला मामी फोन करतात. दयाळ मात्र अजून गातात. पार नदीकडच्या मळ्यापर्यंत, आणि मध्येच एक नवी गिरकी घालून. आता त्या आवाजानं वाफ्यातून कुणी उठत नाही.

परवा पुण्याचे एक पाहुणे अंगणात बसले असता म्हणाले, "काय गोड गातो हो तुमच्याकडचा दयाळ! अगदी निसर्गाचं देणं." मी तोंड उघडलं होतं, पण मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हय," ते पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या हितला दयाळ असाच गातोय."