मोडनिंब फाट्यापर्यंतचं तिकीट

मी सोलापूर सोडलं त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीत माझ्या शेजारी बसून स्वतःचंही तिकीट काढलं, पण वाटेतल्या मोडनिंबपर्यंतचंच. गाडी पुण्याची होती आणि पुढे मला मुंबईहून विमान गाठायचं होतं. "पोरीला गावापासनं वाटंला लावायची असती," एवढंच त्यांचं म्हणणं. खरं तर आम्ही राहायला जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्याच नव्या वस्तीत. माझा जन्म सोलापूरचा, शाळा तिथली, नर्सिंगचं कॉलेजही तिथलंच. मोडनिंबशी माझी ओळख वर्षातून दोन दिवसांची, देवाला नारळ फोडण्यापुरती. अण्णा मात्र तिथले. विशीत सोलापुरात आले, जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागले आणि तिथेच निवृत्त झाले. तरी कुणी गाव विचारलं की ते मोडनिंबच सांगायचे. सोलापूर हे त्यांच्या लेखी नोकरीचं गाव होतं.

मोहोळ गेलं तशी त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून हातात घेतली. फाट्यावर उतरताना त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. "तितं कुनी गाव इचारलं तर मोडनिंब सांगायचं. लाजायचं न्हाई," असं म्हणून ते उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. हात हलवणं त्यांना पोरखेळ वाटायचा. आई असती तर रडली असती, पण ती मी कॉलेजात असतानाच गेली होती. तिच्या वाटचंही मीच रडून घेतलं, टेंभुर्णीपर्यंत.

याला आता अकरा वर्षं झाली. तुम्ही जे तिकडे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून गेलात, दोघांनाही हे सांगते आहे, कारण मी एक गोष्ट अण्णांपासून दोन वर्षं लपवून ठेवली होती. मी ब्रिटिश नागरिक झाले होते. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व एकदम ठेवता येत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट रद्द करून घेतला होता. आणि अण्णा दर रविवारी फोनवर विचारायचे, "मग, कायमची कवा येतीस?" मी म्हणायची, बघू की. हे त्यांना कळलं तर मोडनिंब सांगण्याचा माझा हक्क ते काढून घेतील, ही माझी भीती. हसू नका. ज्याच्याजवळ सांगायला एकच गाव असतं, त्याला ती भीती कळेल.

मी वेल्समध्ये आले, म्हणजे ब्रिटनमध्येच, इंग्लंडच्या शेजारी. समुद्राकाठचं लहान गाव, आणि तिथलं म्हाताऱ्या माणसांचं एक केअर होम. पहिल्या वर्षी मी कुणाशी बोलले असेन तर ते औषधांच्या वेळा आणि चहात साखर किती एवढंच. पाऊस इतका की कपडे वाळायला घरात हीटरवर टाकायचे. संध्याकाळी चारला अंधार पडायचा आणि मी खोलीत बसून भात लावायची, एकटीसाठी. एकटीचा भात नेहमी जास्तच होतो. लग्नाचा विषय तुमच्या मनात आला असेल. तो वेगळा आहे, इथे काढत नाही.

त्या वर्षात एकच मैत्रीण झाली, डेनीस. माझ्याबरोबर काम करायची. रंगाने माझ्याहून सावळी, अंगाने भरलेली, हसली की सगळ्या खोल्यांत ऐकू जायचं. दुपारच्या चहाला ती माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायची. आणि पाचव्या वर्षी एके दिवशी मी आपल्या सोलापुरी सौजन्याने माती खाल्ली. मी विचारलं, "तुझं गाव कुठलं?"

"कार्डिफ," ती म्हणाली. म्हणजे वेल्सचीच राजधानी.

"ते झालं गं. मूळ गाव?"

"कार्डिफ."

मला वाटलं हिला प्रश्न समजला नाही. मी आणखी खोलात गेले. आईवडील कुठले, त्यांच्या आधीचे कुठले, खरं गाव कोणतं? मी पुढे सरसावून, हसून, आवडीने विचारत होते. आपल्याकडे रिक्षावालाही दुसऱ्या चौकात गाव विचारतो, आणि आपण मोडनिंब म्हटलं की तिसऱ्या चौकात त्याची आत्या तिथे दिलेली निघते. डेनीसने कप खाली ठेवला आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती, पण तिच्यावर तिची पर्स होती. मी भिंतीकडच्या टेबलावर बसले. तसं ते जवळजवळ आठ महिने चाललं. माझं काय चुकलं हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझं मला तर मुळीच कळलं नाही.

मग जनगणना आली. तोंडावर मास्क बांधून फिरण्याचे दिवस होते ते. ज्यांना स्वतः लिहिणं जमत नव्हतं त्यांचे फॉर्म भरायचं काम मला दिलं, अक्षर बरं म्हणून. त्यात एक प्रश्न होता, तुम्ही तुमची राष्ट्रीय ओळख काय सांगाल? खाली चौकोन. वेल्श, इंग्लिश, स्कॉटिश, उत्तर आयरिश, ब्रिटिश, आणि शेवटी इतर. लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा. मला वाटलं, हे तर सोपं. सगळ्यांकडे एकच पासपोर्ट, सगळे ब्रिटिश. एव्हन्स नावाचे आजोबा होते, आयुष्यभर बस चालवलेले. त्यांना न विचारताच मी ब्रिटिशवर खूण करून टाकली.

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि मला नवा फॉर्म आणायला लावला. "मी वेल्श," ते म्हणाले. "फक्त वेल्श."

"पण आजोबा, पासपोर्ट तर ब्रिटिश आहे ना?"

"पासपोर्ट कपाटात असतो," आजोबा म्हणाले. "मी इथे बसलोय."

पलीकडच्या खोलीतल्या हॅरिसबाई जन्माने इंग्लंडच्या, लग्न करून इथे आलेल्या, इथेच पन्नास वर्षं राहिलेल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. "आहे मी इंग्लिश," त्या हळूच म्हणाल्या, "पण ब्रिटिश लिही. इथे ते बरं दिसतं." पन्नास वर्षं एका गावात काढूनही बाई स्वतःची ओळख दार लावून सांगत होत्या. तिसरे एक आजोबा जहाजावर काम केलेले. ते म्हणाले, ब्रिटिश, दुसरं काय, सगळ्या बंदरांत मला तसंच ओळखायचे. आणि ग्वेन आजी, ज्यांना स्वतःच्या मुलाचं नावही आठवत नव्हतं, त्यांनी देशाऐवजी लहानपणच्या गल्लीचं नाव सांगितलं. चार वेळा विचारलं, चारही वेळा गल्लीच. मला एकदम अण्णा आठवले आणि मी कागद घेऊन बाहेर आले.

बाहेर डेनीस उभी होती. तिचा स्वतःचा फॉर्म भरून झाला होता. तिने वेल्श आणि ब्रिटिश दोन्हींवर खूण केली होती, पेन दाबून, मागच्या पानावर उमटेल इतकी. मी तिला तिथेच विचारलं, माझं काय चुकलं सांग, मी परक्या देशातली आहे, मला कळत नाही. तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "शाळेत मला रोज विचारायचे, खरी कुठली? मी कार्डिफ म्हणायची. ते म्हणायचे, नाही, खरी कुठली? याचा अर्थ एकच असतो, तू इथली नाहीस."

मी तिला अण्णांबद्दल सांगितलं. फाटा, तिकीट, सगळं. आमच्याकडे हा प्रश्न माणसाला बसायला पाट मांडतो, तुमच्याकडे तोच प्रश्न पाट ओढून घेतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी खुर्चीवरची पर्स खाली ठेवलेली होती. मी स्वतःच्या फॉर्मवर इतरपुढे भारतीय लिहिलं. मोडनिंब मावलं असतं, पण वाचणाऱ्याला काय कळणार!

पुढे मी नागरिकत्व घेतलं. कारणं सगळी कागदाची होती, व्हिसाची दगदग, नोकरीची भीती. समारंभ होता एका सरकारी सभागृहात. राजाशी निष्ठेची शपथ, राष्ट्रगीत, मग चहा आणि केक. माझ्याबरोबर डेनीस आली होती, टोपी घालून. सगळ्यांचे घरचे फोटो काढत होते. मीही काढला, आणि घरी येऊन फोनमधून पुसून टाकला. त्या रविवारी अण्णांनी विचारलं, काय केलंस दिवसभर? मी म्हटलं, काही नाही, ड्युटी होती. इतकी एकटी मी पहिल्या वर्षीही नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मी सोलापूरला आले. सोसायटीच्या फाटकावर नवा वॉचमन. "कुणाकडं जायचं, मॅडम?" वहीत नाव लिहायला लावलं. पत्त्याच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं. वर अण्णा दारातच उभे होते, वाळलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले. दोन दिवसांनी म्हणाले, "चल, गावाकडं जाऊन येऊ. देवाला नारळ फोडू." मी ठरवलं, तिथेच सांगायचं.

फाट्यावर उतरलो तर मला काही ओळखू येईना. रस्ता रुंद झालेला, दुकानं नवी, जिथे अण्णा उभे राहिले होते तिथे मोबाईलचं दुकान. शेजारी चहाचं हॉटेल होतं. तिथल्या बाईंनी बाकडं पुसलं, चहा ठेवला आणि अण्णांकडे बघून सहज, अगदी आदराने विचारलं, "पाव्हनं, कुठलं गाव म्हनायचं?"

अण्णांच्या हातात बशी होती. पन्नास वर्षं ज्या प्रश्नाला त्यांनी ताठ मानेने एकच उत्तर दिलं, तो प्रश्न त्यांना मोडनिंबमध्येच विचारला होता. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, दुकानांकडे पाहिलं, आणि हॅरिसबाईंच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "सोलापूर."

"व्हय का? लई लांबनं न्हाई मग," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला ते बघवेना. मी तिथेच, त्याच बाकड्यावर, सगळं सांगून टाकलं. पासपोर्ट, शपथ, दोन वर्षं. बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. अण्णांनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं.

"मी हितनं गेलो तवा सोलापुरात रेशन कार्ड पायजे हुतं," ते म्हणाले. "त्यासाटी हितल्या कार्डावरनं नाव कमी करून दाखला न्यावा लागायचा. नेला. तुज्या आजाला सांगितलंच न्हाई. म्हातारा जाईस्तवर समजत हुता, कार्डावर मी हाय."

"का नाही सांगितलं?"

"तू का न्हाई सांगितलं?" ते म्हणाले. मग त्यांनी चहाचे पैसे दिले आणि आम्ही उठलो. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. देवळात नारळ फोडताना त्यांचा हात दोनदा चुकला, आणि परतीच्या गाडीत मोहोळ येईपर्यंत ते डोळे मिटून होते, झोप लागलेली नसताना.

मी निघाले त्या दिवशी ते सोलापूर स्टँडपर्यंतच आले. गुडघे ऐकत नव्हते. मी एकच तिकीट काढलं. खिडकीशी येऊन त्यांनी नेहमीची पिशवी वर दिली आणि म्हणाले, "तितं कुनी इचारलं तर..." आणि तिथेच थांबले.

"काय सांगू, अण्णा?"

"सांग तुला वाटंल ते. रईवारी फोन कर म्हंजे झालं."

या वेळी मी रडले नाही. मोडनिंबला गाडीने फाट्यावर कुणाला तरी उतरवलं, मी खिडकीतून पाहिलं नाही. लंडनच्या विमानतळावर नवा पासपोर्ट यंत्रावर ठेवला, काचेचं दार उघडलं आणि मी आत गेले. कुणी काहीच विचारलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या अधिकाऱ्याने मला दहा प्रश्न विचारले होते, त्या माणसाची मला त्या क्षणी आठवण आली. एव्हन्स आजोबा मी नसताना गेले. त्यांच्या खोलीत आता दुसरे कुणी आहेत. डेनीसने खुर्ची धरून ठेवली होती. "घरी सगळं ठीक?" तिने विचारलं, आणि कोणतं घर ते तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

आता तुम्ही मला गाव विचाराल तर मी काय सांगू? सोलापुरात वॉचमन माझं नाव लिहून घेतो. मोडनिंबमध्ये माझ्या बापालाच पाहुणा म्हणतात. इथे मी कागदावर पक्की आहे, पण दुकानात अजून हळू आणि मोठ्याने बोलून मला समजावतात. रविवारी मी फोन लावते. पलीकडून अण्णा कोण म्हणून कधी विचारत नाहीत, आवाज ओळखतात. "बोल," म्हणतात, आणि मग विचारतात, भात केलास का, किती केलास. कायमची कवा येतीस हे त्यांनी त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही. विचारावं असं मला फार वाटतं. माझं गाव आता तेवढंच उरलं आहे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचं झालंय, आणि हल्ली दुसऱ्या वाक्यालाच त्याला दम लागतो.